टपावरचा आडवा दाणा

१

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, गडबडीत नाही. पंख्याखाली बसून, शांत डोक्याने, चांगल्या कागदावर, चौकशीच्या अहवालाच्या शेवटी लिहिलंत. ‘सदर कर्मचारी मनाई असतानाही वाहनाच्या टपावर चढला. टप त्याच्या वजनाने मोडला. स्वतःच्या बेफिकिरीने प्रवाहात पडून तो मृत्यू पावला.’ तीन ओळी. एका माणसाचा अख्खा जन्म तीन ओळींत गुंडाळलात आणि खापरही त्याच्याच डोक्यावर फोडलंत. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. टप बोलेल, हे मात्र तुमच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या माणसाची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. आज ती तेहतीस वर्षांची आहे आणि गॅरेजांच्या गल्लीत तिला सगळे दाणेवाली म्हणतात. जुन्या गाड्यांचा फायबरचा टप गुळगुळीत नसतो. त्यावर चामड्यासारखी बारीक खरखर असते, तिला या धंद्यात दाणा म्हणतात. चकचकीत दरवाजा कुणीही ऐरागैरा रंगवतो. दाणेदार टपाचं तसं नाही. पॉलिश पेपर लावला की दाणा मेला, रंग जाड बसला की दाणा बुडाला. ही विद्या तिला मामाने दिली. बाप गेल्यावर मामानेच मायलेकींना घरात घेतलं आणि शाळा सुटली की भाचीला गॅरेजात शेजारी बसवलं.

एका सकाळी एक म्हातारा दुसऱ्या गाडीला बांधून जुना छोटा ट्रक ओढत घेऊन आला. पाण्याच्या खात्याचा, मागच्या हौद्यावर फायबरचा टप बसवलेला.

“लिलावात घेतलाय,” तो म्हणाला. “टप नवा करून दे. गाडी चालली नाही तरी चालेल.”

“चालली नाही तरी चालेल? मग काय शोकेसमध्ये ठेवणार काका?”

म्हातारा हसला नाही. “आधी जुनं काम उघड. मग रंगव.”

तिने कामाची चिठ्ठी लिहायला घेतली आणि नंबर टिपायला वाकली. पाटीवरचे शेवटचे दोन आकडे गंजून गेले होते. ते वाचायची तिला गरज पडली नाही. हा नंबर तिला अकराव्या वर्षापासून पाठ होता. तो अहवालाच्या दुसऱ्या परिच्छेदात होता.

२

“तुम्ही अहवालातले ते ड्रायव्हर,” ती म्हणाली.

“हो.”

“माझा बाप टपावर चढला तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“अहवालात आहे ना. जेवायला गेलो होतो.”

“अहवाल मला तोंडपाठ आहे. तुम्ही सांगा.”

“तू टप बघ, पोरी.” एवढंच म्हणून तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. मांडीवर हात, नजर समोरच्या भिंतीवर. दगड बरा, तो निदान ऊन लागलं की तापतो.

दाणेवाली रडणाऱ्यातली नव्हती. तिने बादली भरली. टप साबणाने दोनदा धुतला, थिनरच्या फडक्याने तेलकटपणा काढला, मग जाळीच्या खरबरीत घासणीने हलक्या हाताने सगळीकडून घासला. पॉलिश पेपरला हात लावला नाही. बापाच्या मरणाचा टप असला तरी कामाची रीत मोडायची नसते.

मग तिने डोळे मिटले आणि बोटं फिरवली. टपाचा दाणा पुढून मागे जातो, विंचरलेल्या केसांसारखा. बोटं सरळ जात राहिली आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात अडखळली. तिथे वीतभर जागेत दाणा आडवा होता.

जुना टप दुरुस्त केला की त्या जागी दाणा परत उठवावा लागतो. शेजारच्या चांगल्या भागाचा रबरी ठसा घ्यायचा आणि ओल्या थरावर दाबायचा. ठसा आडवा दाबणं ही पहिल्या आठवड्यातली चूक. नवशिकाही ती दुसऱ्यांदा करत नाही.

दुरुस्ती असणार हे ती धरूनच चालली होती. टप मोडला असं अहवालच म्हणतो. मोडला म्हणजे भोक पडलं, आणि भोक पडलं तर आतल्या बाजूने काचकापडाचे नवे थर हवेत. ती हौद्यात चढली, आतलं अस्तर उचकटून बॅटरी मारली.

एकही नवा थर नव्हता. मूळचं काचकापड सलग होतं, कारखान्यातून निघालं तसं.

टप कधी मोडलाच नव्हता.

३

ती पुन्हा वर चढली आणि पातळ पात्याने तो वीतभर तुकडा खरवडायला लागली. रंगाचे तीन थर गेले. खाली पुट्टी लागली आणि तिचा हात थांबला.

पुट्टी निळसर होती.

या गल्लीत पुट्टीत चिमूटभर निळा रंग घालणारा एकच माणूस आहे. नीट मिसळली की नाही ते कळावं म्हणून. तिला ती युक्ती शिकवणाराही तोच.

ती पाणी प्यायली आणि परत खरवडायला लागली. पुट्टी कागदाइतकी पातळ होती. तिच्याखाली टपाचं मूळ कवच उघडं पडलं, आणि त्यावर चिरा. एकेका बिंदूपासून चहूबाजूंना फुटलेल्या. एक चांदणी, दुसरी, तिसरी. तिने सात मोजल्या.

“काका, वर या,” तिने हाक मारली. म्हातारा शिडीवर चार पायऱ्या चढला.

“फायबरला बाहेरून मार बसला की कवचावर गोल रेघा उमटतात, पाण्यात खडा टाकल्यासारखी. आतून मार बसला तर अशी चांदणी फुटते. या सातही चांदण्या आहेत.” तिचा आवाज गॅरेजात गिऱ्हाइकाला समजावतात तसाच होता. “आणि मघाशी आत बॅटरी मारली तेव्हा दिसले, बरोबर याच्याखाली सात गोल वळ आहेत. जॅकचा पोकळ दांडा टोकाने मारला की तसा वळ येतो. टपावर कुणी चढलं नव्हतं. आत कुणीतरी होतं आणि बाहेर यायला बघत होतं.”

म्हाताऱ्याने शिडी दोन्ही हातांनी धरली. 

“काच असती तर फुटली असती. पत्रा असता तर वाकला असता. फायबर चिरतं, पण सुटत नाही.”

ती खाली उतरून मागच्या दाराशी गेली. बाजूच्या काचांना आतून लोखंडी जाळी, केबिनकडे पत्र्याची भिंत. बाहेर पडायची वाट एकच, हे दार. तिने दाराच्या कडेवरून बोटं फिरवली, मग पात्याने चार ठिकाणी रंग उडवला. चार बुजवलेली भोकं. इथे कधीकाळी कडीकोयंडा होता.

चारही भोकांत पुट्टी निळी होती.

४

मामा मागच्या खोलीत फडक्यातून रंग गाळत बसला होता.

“मामा, चीर कशी भरायची?”

“बावीस वर्षं हेच करतेस आणि आज विचारतेस? मुळापासून खरवडायची. अर्धवट ठेवली की वर येते.”

“मग ही का ठेवलीस?” तिने निळ्या पुट्टीची कपची त्याच्यासमोर ठेवली.

मामा गाळत राहिला. वरचा डबा रिकामा झाला तरी हात तसाच तिरका.

“हात धजेना,” शेवटी तो म्हणाला. “खात्यातून गाडी आली. कडी काढ, भोकं बुजव, टपावरच्या चिरा झाक. मी वर चढलो आणि त्या चांदण्या बघितल्या. कुणी मारल्यात ते मला कुणी सांगायला हवं होतं का? खरवडल्या असत्या तर त्याचं शेवटचं काम मीच पुसलं असतं. म्हणून वरून नुसतं सारवलं. हात असा कापत होता की ठसा आडवा बसला. उचलून परत लावायची छाती झाली नाही.”

“आणि तोंडाला टाके घातलेस.”

“तुझी आई तेव्हा पाण्याचा घोट घेत नव्हती. तिला काय सांगू? तुझा नवरा पटकन गेला नाही, आत कोंडलेला ठोकत होता? मूर्खपणाने मेला असं ऐकलं की बाई नवऱ्यावर चिडते. चिडलेली बाई जगते. मी तिला चिडू दिलं.”

“आणि त्याचं नाव?”

“नावावर कुणी जगत नाही, पोरी.”

“शाळेत मला ‘टपावरची’ म्हणायचे, मामा. तू डबा द्यायला यायचास तेव्हासुद्धा. ऐकलंयस तू.”

मामाने डबा खाली ठेवला. त्याची मान वर आली नाही.

“कुलूप कोणी लावलं?”

“देवाशपथ मला माहीत नाही. कडी काढून घ्यायला कोठीवाला आला होता. इथे उभा राहून काढून घेतली, कुलपासकट.”

५

खात्याच्या सामानाच्या कोठीचा हा माणूस निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्याच्या गॅलरीत रिकामे डबे उंचीप्रमाणे लावले होते, सुतळ्यांचे तुकडे लांबीप्रमाणे.

“कुलूप?” तो म्हणाला. “आमच्या गाड्यांना मागे कुलूप नव्हतंच. बाई, तुमचे कुणीतरी कान फुंकलेत.”

भांडली असती तर दार बंद झालं असतं. दाणेवालीने वेगळा हात टाकला. “तसं असेल. पण लोक म्हणतात, तुमच्या हाताखाली खात्याची एक किल्ली हरवली नाही.”

“किल्ली?” त्याची छाती दोन इंच वाढली. “टाचणी सांगा टाचणी! निवृत्त झालो तेव्हा मोडीत निघालेल्या गाड्यांच्या किल्ल्या नव्या माणसापुढे ठेवल्या. म्हणाला, भंगार आहे, पावती कशाला? मी म्हटलं, पावती नाही तर किल्ली नाही. घेऊन आलो घरी. अजून एकही जण पावती द्यायला आलेला नाही.”

“बघू?”

त्याने लाकडी फळी बाहेर आणली. खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक खिळ्यावर पितळी बिल्ला, बिल्ल्यावर गाडीचा नंबर. तिने आपला नंबर शोधला. जुडग्यात दोन किल्ल्या होत्या, एक मोठी, एक करंगळीएवढी.

“मोठी गाडी चालू करायची. ही छोटी कशाची हो, काका?”

 माणूस खोटं बोलू शकतो, पण आयुष्यभराची शिस्त त्याला एका मिनिटात मोडता येत नाही. जी किल्ली नाल्यात टाकून तो सुटला असता, ती त्याने बिल्ला लावून भिंतीवर टांगली होती.

“नियम होता,” तो पुटपुटला. “आत यंत्रं असली की दार बंद. ड्रायव्हरने कुलूप लावायचं, किल्ली ताबडतोब कोठीत. परत हवी तर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर साहेबांची सही. मी नियमाबाहेर गेलो नाही.”

जुडग्याला दोऱ्याने एक पिवळी पडलेली घडी बांधली होती. तिने ती उलगडली. छापील नमुना. किल्ली मागणारा: ड्रायव्हर. मागणीची वेळ: बारा वाजून पाच. मंजुरीची वेळ: बारा पंचेचाळीस, आणि खाली साहेबांची सही.

मधल्या रकान्यात, ‘कारण’ या शब्दापुढे, वेड्यावाकड्या अक्षरांत तीनच शब्द होते.

आत माणूस आहे.



“ही फाडून का नाही टाकलीत?” तिने विचारलं.

“खात्याचा कागद आहे,” तो जवळजवळ रागावून म्हणाला. “मी कोण फाडणारा?”

“मी पावती देते. किल्ली आणि चिठ्ठी, दोन्हींची.”

तिने खरोखरच पावती लिहिली, तारीख घातली, खाली नाव लिहिलं. त्याने ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली, आणि जुडगा तिच्या हातात दिला.

६

ड्रायव्हर त्याच बाकावर बसलेला होता. तिने चिठ्ठी त्याच्यासमोर धरली.

“अक्षर तुमचं. म्हणजे कुलूपही तुम्ही लावलंत.”

“मीच लावलं.” बावीस वर्षं घशात अडकलेलं हाड निघावं तसा त्याचा आवाज होता. “धरणाखाली, नदीच्या पात्रात गाडी उभी होती. पाणी मोजायची यंत्रं आत. एक बिघडलं होतं, ते तुझा बाप दुरुस्त करत होता. म्हणाला, लाव कुलूप, आणि येताना माझ्यासाठी दोन घास आण. रोजचंच होतं ते. माल आणि माणूस एका कुलपात. कुणाला वावगं वाटत नव्हतं.”

“मग?”

“किल्ली जमा केली, जेवायला बसलो, आणि खिडकीतून बघतो तर धरणाचे दरवाजे उघडलेले. भोंगा नाही, निरोप नाही. पळत कोठीत गेलो. कोठीवाला म्हणाला, सही आण. चिठ्ठी लिहिली. साहेबांची बैठक चालू होती. शिपायाने चिठ्ठी लगेच आत नेली. मी दाराबाहेर उभा राहिलो.”

“दार ढकललं का नाहीत?”

म्हाताऱ्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता, आणि तो स्वतःला रोज विचारत होता.

“साहेबांचं दार होतं, पोरी.”

दाणेवालीला त्याला मारावंसं वाटलं. त्याच्या त्या मांडीवरच्या म्हाताऱ्या हातांकडे बघून वाटेनासं झालं.

“पोचलो तेव्हा टप पाण्याखाली होता. पाणी उतरल्यावर कुलूप उघडलं. तो दाराशीच होता. तो पात्रात सापडला असं लिहायला सांगितलं त्यांनी.”

“आणि चौकशी?”

“चौकशी साहेबांनीच केली. माझा जबाब टाइप होऊन आला होता. मी खाली नाव घातलं. घरी चार तोंडं होती.” तो थांबला. “तुझ्या दाराशी तीनदा येऊन परत गेलो. तोंडातून शब्द फुटेना. मग लिलावाची यादी आली. म्हटलं, मला नाही जमत, गाडीच तिच्यापुढे उभी करू.”

तर हे असं होतं, साहेब. एकाने कुलूप लावलं, दुसऱ्याने किल्ली अडवली, तिसऱ्याने चिरांवर पुट्टी ओढली. तिघेही दोषी, आणि ते मान्य करायला तिघांनाही लाज वाटते. ते तिघे हुकमाचे ताबेदार. हुकूम देणारा चौथा, आणि त्याला काहीच वाटत नाही. टपावर चढल्याची गोष्ट त्यालाच हवी होती, कारण आत माणूस आहे हे त्याने वाचलं होतं आणि मंजुरीची वेळही स्वतःच्या हाताने घातली होती.

७

मामा म्हणाला, “आईला सांगू नकोस.” दाणेवालीने दुसऱ्या दिवशी दुपारी आईला गॅरेजात आणलं आणि ट्रकशेजारी उभं करून सगळं सांगितलं. चांदण्या दाखवल्या. चिठ्ठी वाचून दाखवली.

आईने पदराने हात पुसले, जणू कणीक लागली होती. “मला आत चढव.”

ती हौद्यात जाऊन खाली बसली. टपाला आतून हात पुरतोय का ते बघितलं. पुरत होता.

“दार ओढ.”

“आई, नको.”

“ओढ म्हणते ना.”

दार ओढलं. गॅरेजात कॉम्प्रेसर बंद झाला. ड्रायव्हर बाकावरून उठून उभा राहिला होता, मामा खांबाला धरून होता. आतून काहीच आवाज आला नाही. दाणेवालीने स्वतःचे श्वास मोजले आणि साठाच्या पुढे तिच्याने राहवेना, तिने दार उघडलं.

आई सावकाश उतरली. आधी भावाकडे गेली.

“बावीस वर्षं मी त्याला शिव्या घातल्या, दादा. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. मेल्या, तुला टपावर चढून काय दिसणार होतं, म्हणून. आणि तो इथे टप ठोकत होता. मला विचारायचं तरी होतंस.”

मामा खांबाला धरूनच खाली बसला. आई ड्रायव्हरकडे वळून म्हणाली, “तुम्ही आता जबाब द्याल? खरा?”

“देईन, वहिनी. कुठेही देईन.”

मग ती मुलीकडे वळली. “टप चांगला रंगव, हातचं राखू नकोस. ती वीतभर जागा उघडी ठेव. आणि साहेबांना लिहायला कागद घे.”

“काय लिहू?”

“माफी मागा म्हणून लिहू नकोस. त्यांची माफी घेऊन मी काय करू? कधी कळलं आणि कधी उठले, तेवढं विचार.”

दाणेवालीने लिहिलं. सोबत सात चांदण्यांचे फोटो, चिठ्ठीची प्रत आणि ड्रायव्हरचा जबाब जोडला. टपाला एकावर एक चार पातळ हात दिले, दाणा कुठेही बुडू दिला नाही. अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला, त्याची पोच आली. त्याला आता पाच महिने झाले. तुम्ही तेव्हापेक्षा दोन मजले वर बसता आणि तुमच्या दाराबाहेर अजून शिपाई असतो, हे आम्हा गल्लीतल्या सगळ्यांना माहीत आहे.

चिठ्ठी बारा वाजून पाच मिनिटांनी लिहिली गेली आणि लगेच तुमच्या टेबलावर आली होती. तिच्यावर ‘आत माणूस आहे’ असं लिहिलेलं होतं. पुढची चाळीस मिनिटं तुम्ही काय करत होतात, साहेब?

उत्तर द्या.